आधी मी बसून बघते

गेल्या उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. ती किल्लारीला राहते, म्हणजे भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या किल्लारीत. म्हणाली, "अब्बा, पोरासाठी ह्यांनी ट्रॅम्पोलीन आणलंय. परसात मांडून ठेवलंय. पण माझं मन धजत नाही. तुम्ही एकदा येऊन बघून जा, मगच मी त्याला चढू देईन." आमच्या घरात दखनी बोलतात, तिचं म्हणणं मी इथं मराठीत सांगतो आहे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रातलं मला फार कळत नाही. पण किल्लारीतून कुणी "हे सुरक्षित आहे का, बघून सांगा" असं म्हटलं, तर नाही म्हणायचं धैर्य माझ्यात नाही.

दुसऱ्याच दिवशी गेलो. पुनर्वसनात ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मुलीचं सासर चारशे फुटांतलं. घर लहान, पण मागं जागा ऐसपैस. त्या जागेत एक पत्र्याची खोली, एक लिंबाचं झाड, दगडी कुंपणाची भिंत, आणि त्या भिंतीला लागून हे निळं प्रकरण. लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत किंवा एखाद्या लग्नाच्या हॉलबाहेर आपण ते पाहिलेलं असतं. पोरं त्याला सरळ 'जंपिंग' म्हणतात. लोखंडी पाईपाचं गोल कडं, त्याला चहूबाजूंनी स्प्रिंगा, स्प्रिंगांना ताणून बसवलेलं जाड कापड आणि भोवती उंच जाळी. सहा वर्षांचा नातू बाजूला उभा राहून माझ्या तोंडाकडं बघत होता. जणू मी परीक्षा घ्यायला आलेला साहेब होतो.

मला मात्र दादी आठवली. जुन्या किल्लारीत आमच्या वाड्यासमोर असंच एक लिंबाचं झाड होतं. पंचमी आली की त्याला झोका बांधला जायचा. गल्लीतल्या सगळ्या जातीधर्मांच्या लेकी माहेरी यायच्या आणि त्यांच्यात आमच्या फुफ्याही असायच्या. चऱ्हाट आणलं की दादी आधी ते हातातून सरकवत टोकापर्यंत चाचपायची. कुठं पीळ सुटलाय का, कुठं उंदरानं कुरतडलंय का, ते बघायची. मग फांदीखाली उभी राहून वर पाहायची. फांदीला कीड लागली असेल तर भुसा दिसतो, असं तिचं म्हणणं होतं. झोक्याखालचे खडे वेचून तिथं राख-माती टाकायला लावायची. आणि शेवटी, पोरी कितीही ओरडल्या तरी, "आधी मी बसून बघते" म्हणून ती जाडजूड बाई स्वतः झोक्यावर बसायची. दोन हेलकावे घ्यायची आणि मग उतरायची. आमच्या गल्लीत झोका तुटल्याचं मला आठवत नाही.

खेळाची वस्तू तपासायची ही रीत आपल्याकडं जुनीच आहे. तालमीत कुस्तीआधी हौद्यातली लाल माती खणून भुसभुशीत करतात, तिच्यात तेल-ताक-हळद मुरवतात. कुस्तीत माणूस पडणारच, हे गृहीत धरून पडायची जागा आधी तयार करायची, हा त्यातला विचार.

ट्रॅम्पोलीनचा जन्मही अशाच एका पडण्यातून झाला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला जॉर्ज निसेन हा मुलगा 1930 साली सर्कस बघायला गेला. झुल्यावरचे कसरतपटू खेळ संपवून खालच्या जाळीत उडी टाकत आणि जाळी त्यांना पुन्हा वर उडवी. सोळा वर्षांच्या निसेनला वाटलं, जाळीत पडणं हा खेळाचा शेवट कशाला असावा? तिथूनच खेळ सुरू का होऊ नये? सर्कशीची ती जाळी आपल्यालाही परकी नाही. 1880 च्या सुमारास 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी करणारे विष्णुपंत छत्रे मराठीच होते. निसेनने 1934 मध्ये लॅरी ग्रिसवोल्ड या प्रशिक्षकाबरोबर लोखंडी चौकट आणि ताणलेलं कापड वापरून पहिलं यंत्र तयार केलं. पुढं मेक्सिकोत फिरताना त्याच्या कानावर एक स्पॅनिश शब्द आला, त्यावरून त्याने नाव ठेवलं ट्रॅम्पोलीन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिकांना हवेत तोल सांभाळण्याचं शिक्षण देण्यासाठी ते वापरलं गेलं. 1964 मध्ये लंडनला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 2000 साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये तो अधिकृत खेळ झाला.

मात्र मैदानावरचं ट्रॅम्पोलीन घराच्या परसात आलं, तिथं गोष्ट बदलली. मैदानावर शिकवणारा असतो, एका वेळी एकच खेळाडू उडी मारतो. परसात गल्लीतली सहा पोरं एकदम चढतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 1977 मध्येच धोक्याची सूचना दिली. 1999 आणि 2012 मध्ये तिने पुन्हा सांगितलं, की घरगुती वापरासाठी ट्रॅम्पोलीन घेऊ नये. तिच्या 2012 च्या निवेदनातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकापेक्षा जास्त मुलं एकदम उड्या मारत असताना होतात, आणि त्यांत लागतं ते बहुधा सगळ्यांत लहान मुलाला. दुसरी म्हणजे, भोवती जाळी आणि कडेला फोमची गादी लावली म्हणून दुखापती फारशा कमी होत नाहीत. कारण बऱ्याच दुखापती बाहेर पडून होतच नाहीत, त्या आत कापडावरच होतात. जाळीमुळे फरक पडतो तो मोठ्या माणसांच्या मनाला. जाळी बघून ती निर्धास्त होतात आणि घरात निघून जातात.

माझे जावई शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी मला यामागचं गणित सांगितलं. एक मीटर उंचीवरून पडलेलं शरीर कापडात अर्धा मीटर खोल जाऊन थांबलं, तर त्याला थांबवणारा जोर सरासरी त्याच्या वजनाच्या तिप्पट असतो. तेच शरीर फरशीवर पडून एका सेंटिमीटरात थांबलं, तर हा जोर वजनाच्या शंभरपटीवर जातो. पडणं तेच, उंची तीच. फरक एवढाच, की थांबायला जागा किती मिळाली. पण कापडाने गिळलेला जोर नाहीसा होत नाही. मोठं पोर खाली दाबलं गेलं आणि त्याच क्षणी लहान पोर कापडावर उतरलं, तर मोठ्याचा साठलेला जोर लहानग्याला मिळतो. ते त्याच्या ताकदीच्या बाहेर उडतं, वाकडं-तिकडं पडतं आणि हाड मोडतं.

हे ऐकून आम्ही दोघं तपासायला बसलो. आधी स्प्रिंगा मोजल्या. एखादी सुटली असेल तर ताण एका बाजूला जातो. आकड्यांवर गंज आहे का, कापडाची शिवण उन्हानं उसवली आहे का, पायांचे बोल्ट आवळलेत का, जमीन सपाट आहे का, सगळं पाहिलं. वरून विजेची तार जात नव्हती. लिंबाची फांदी मात्र जवळ होती. कंपनीच्या पट्टीवर वजनाची मर्यादा शंभर किलो लिहिलेली होती. जावयांनी सिमेंटचं एक पोतं, म्हणजे पन्नास किलो, मधोमध ठेवलं. मग दुसरं ठेवलं. कापड खाली गेलं, पण जमिनीपासून चांगलं वर राहिलं. पोती काढल्यावर ते लगेच पूर्ववत झालं. वस्तू तशी बरी होती. नियम ठरले. एका वेळी एकच पोर, कोलांटउडी नाही, आणि मोठं माणूस जवळ बसल्याशिवाय कुणी चढायचं नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना चढवू नये असं डॉक्टर सांगतात. आमचं पोर नुकतंच त्या उंबऱ्यावर आलेलं. तेवढ्यावरच मी पास करणार होतो.

शेवटची गोष्ट राहिली होती, भोवतालच्या मोकळ्या जागेची. चारी बाजूंनी किमान दोन मीटर मोकळे हवेत. तीन बाजूंना होते. चौथ्या बाजूला तीन फुटांवर भिंत होती. मी व्याह्यांना म्हणालो, "भाईसाब, हे जरा इकडं ओढून घेऊ."

ते म्हणाले, "राहू द्या की. भिंतीचा आडोसाच आहे. वारं सुटलं तर उडायचं नाही. ही भिंत दोन फूट रुंद आहे, हत्ती धडकला तरी हलणार नाही."

मी भिंतीकडं पाहिलं. सहा फूट उंच, काळ्या दगडांची, मातीत रचलेली. व्याह्यांनी जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातून आपल्या वाट्याचे दगड बैलगाडीनं आणले होते आणि पुढं सवडीनं ही भिंत उभी केली होती. तिच्यात त्यांच्या वडिलांच्या वाड्याचे दगड होते. आम्ही दोन तास स्प्रिंगा मोजत बसलो होतो आणि या भिंतीकडं आमच्यापैकी कुणी वळूनही पाहिलं नव्हतं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले आणि झोपले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. भूकंप साधारण 6.2 तीव्रतेचा होता. जगाच्या हिशेबात हा काही महाभयंकर आकडा नव्हे. इतक्या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी कितीतरी होतात आणि पुष्कळदा माणूस दगावत नाही. आपल्याकडं सरकारी आकड्यानुसार 7,928 माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं मातीला मिळाली. मी तेव्हा लातुरात खोली करून राहत होतो. सकाळी एका ट्रकमागं उभा राहून चाळीसेक किलोमीटर आलो, तेव्हा आमची गल्ली कुठून सुरू होत होती हे मला ओळखता येईना. लिंबाचं झाड दिसलं, त्यावरून वाडा सापडला. दादी आतल्या खोलीत होती. थंडी-वाऱ्यात म्हातारीला आतली खोली बरी, तिथल्या भिंती सगळ्यांत जाड, म्हणून तिची बाज तिथं असायची.

आमचा वाडा तीन फूट रुंद भिंतींचा होता. ऊन आत येऊ नये, चोराला भोक पाडता येऊ नये, आणि गावात चार लोकांनी 'भक्कम' म्हणावं, म्हणून. पण ती तीन फुटांची एक भिंत नव्हती. बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा, आणि मध्ये माती व चिपा भरलेल्या. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड क्वचितच कुठं होता. जमीन आडवी हलली तेव्हा दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि भिंत पोटातून फुगून फुटली. वर माळवद. लाकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. दर मिरगाच्या आधी गळू नये म्हणून त्यावर नवी माती पडायची. जुनी कुणी काढायचं नाही. वर्षानुवर्षं असं करता करता थर दीड-दोन फुटांचा होई. जावयांनी परवा हिशेब करून दाखवला. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फुटांहून थोडी जास्त माती असेल, तर छताचं नुसतं मातीचं वजन सात टनांच्या पुढं जातं. आणि भूकंपात वस्तू जेवढी जड, तेवढा तिच्यावरचा धक्का मोठा. ज्या जाडीला आम्ही आधार समजत होतो, तीच आमच्यावर आली.

ढिगाऱ्यांमधून फिरताना एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आणि पुढं अभ्यासकांनीही ती नोंदवली. कित्येक घरांच्या भिंती चारी बाजूंनी पडल्या होत्या, पण लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा माळवद डोक्यावर घेऊन तसाच उभा होता. लाकूड वाकलं, डुललं, सांध्यात कुरकुरलं आणि टिकलं. त्याला धक्का पचवायला जागा होती. दगड-मातीला ती नव्हती. ट्रॅम्पोलीनच्या कापडाचं गणित ऐकताना मला ते खांब आठवत होते.

सूचना मिळाली नव्हती असंही नाही. 1992 च्या ऑगस्टपासून किल्लारीला लहान लहान धक्के बसत होते. ऑक्टोबरमध्ये तर चांगलाच जाणवला. काही दिवस लोक अंगणात झोपले. मग धक्के थांबले, थंडी वाढली आणि माणसं पुन्हा माळवदाखाली गेली. सरकारी नकाशातही हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. 2002 मध्ये भारतीय मानकाचा नकाशा सुधारला, तेव्हा पहिला विभाग काढूनच टाकला आणि आपला भाग तिसऱ्यात आला. त्या वर्षभरात इतक्या धक्क्यांनंतरही माळवदावरची निम्मी माती उतरवावी, असं आमच्या गल्लीत कुणाच्या मनात आलं नाही. झोक्याचं चऱ्हाट चाचपून पाहणाऱ्या दादीच्याही नाही. झोका हलतो म्हणून त्याची भीती वाटते. घर हलत नाही, म्हणून ते तपासायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचं मोठं काम झालं. 52 गावं नव्या जागी वसली. जिथं घरं उभी होती, तिथं ती मजबूत कशी करायची हेही दाखवलं गेलं. उपाय साधे होते. माळवदावरची जास्तीची माती काढा, पाणी गळू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा कागद घाला. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून सळई आणि काँक्रीट घाला, म्हणजे दोन पदर एकमेकांना धरतील. खांब-तुळईच्या सांध्यांना तिरकस आधार द्या. नवं बांधत असाल तर घराच्या चारी भिंतींना कमरपट्ट्यासारखा काँक्रीटचा पट्टा फिरवा. यातलं काहीच गावच्या गवंड्याला न जमण्यासारखं नव्हतं. तरी पंधरा-वीस वर्षांत, जागा कमी पडू लागली तशी, या नव्या गावांतही पुन्हा दगड-मातीच्या भिंती उठलेल्या मी पाहतो. मिळालेलं घर कसोटीला उतरलेलं, आणि त्याला टेकून उभी केलेली खोली जुन्या वळणाची. दगड फुकट होता, हात घरचे होते, आणि भीती विरत चालली होती.

हे सगळं मी व्याह्यांना कसं सांगणार? ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांचाही एक भाऊ त्या पहाटे गेला. मी एवढंच विचारलं, "भाईसाब, या भिंतीत आरपार दगड किती घातलेत?"

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "वडलांच्या वाड्यात होते तेवढे."

कुणी काही बोललं नाही. जावई आणि मी ट्रॅम्पोलीन उचलून परसाच्या मध्यावर आणलं, फांदीपासूनही लांब. वाऱ्यानं सरकू नये म्हणून पायांवर दगड ठेवावेत असं सुनेनं, म्हणजे माझ्या मुलीनं, सुचवलं. आपल्याकडं पत्र्यावरही दगडच ठेवतात. पण धावत्या पोराच्या पायाशी दगड नकोत, म्हणून वाळूची पोती भरून बांधली. नातू सकाळपासून थांबला होता. आता सगळं झालंय असं त्याला वाटलं आणि तो जाळीचं दार उघडायला धावला.

मी म्हटलं, "थांब. आधी मी बसून बघतो."

वजन माझं ब्याऐंशी किलो, मर्यादेच्या आत. वहाणा काढल्या, मुलीचा हात धरून वर चढलो आणि मधोमध मांडी घालून बसलो. कापड खाली गेलं, स्प्रिंगा करकरल्या आणि थांबल्या. बसल्या बसल्या दोनदा अंग उचलून पाहिलं. नातू हसत होता. व्याही मात्र माझ्याकडं बघत नव्हते. ते भिंतीपाशी जाऊन एका दगडाला हातानं हलवून बघत होते.

पावसाळ्याआधी मुलीचा पुन्हा फोन आला. सासऱ्यांनी गवंडी बोलावून भिंत वरून तीन फूट उतरवली होती. उरलेल्या तीन फुटांत आरपार दगड घालून ती सिमेंटमध्ये नव्यानं रचली होती. काढलेले दगड त्यांनी विकले नाहीत. लिंबाभोवती पार बांधायला घेतला होता, दीड फूट उंचीचा. ट्रॅम्पोलीनवर पोरगं उड्या मारतं तेव्हा ते तिथंच बसतात आणि दुसरं पोर चढायला लागलं की हटकतात.